वायर मुरेपर्यंत

माजघराच्या कोपऱ्यात आंब्यांची आढी घातली की दोन-तीन दिवसांत घराचा वास बदलायला लागतो. आधी नुसता पेंढ्याचा वास असतो, कोरडा, खळ्यावरचा. मग त्याच्या खालून हळूच एक गोडसर ऊब वर येते. हात घातला तर पेंढा आतून कोमट लागतो, तापातून उठलेल्या पोराच्या कपाळासारखा. सगळ्यांना या वासाने बरं वाटतं. मुंबईहून आलेली माणसं दारातच थांबून नाक वर करतात आणि म्हणतात, अहाहा, आलो बाई घरी. मला मात्र तोंडात कडू येतं. माहेर कोकणातलं, सासर कोकणातलं, जन्म आंब्याखाली गेला, आणि वैशाख आला की माझ्या जिभेवर कडू. कुणाला सांगायची सोय नाही. आंब्याने तोंड कडू होतं म्हटलं तर लोक पित्ताची गोळी आणून देतात.

यंदा आमचा मिलिंद पुण्याहून आला तो दोन खोकी घेऊन. डोक्यावरचे केस निम्मे गेले तरी माझा मुलगा गाणी ऐकण्याच्या बाबतीत अजून कॉलेजातच आहे. ओटीवर दोन स्पीकर मांडले, मागे गुडघ्यावर बसून वायरी जोडल्या, घाम पुसला. मी माजघरात आढी चाळत होते. तयार आंबा एका बाजूला, अर्धा तयार पुन्हा पेंढ्यात, डाग लागलेला लगेच बाहेर. तेवढ्यात हा ओटीवरून म्हणतो, "आई, ये ऐकायला. पण लगेच मत देऊ नकोस हां. केबल नवीन आहे. थोडे दिवस वाजवत ठेवावी लागते, मग आवाज उघडतो. आत्ता जरा दबल्यासारखा वाटेल तुला."

माझा हात पेंढ्यातच राहिला.

"तुला हे कुणी सांगितलं?"

"सगळेच सांगतात. नेटवर पानंच्या पानं लिहिलंय लोकांनी."

"प्रभाकरकाकाने सांगितलं काय?"

"काकाचा काय संबंध?" तो म्हणाला.

खरंच, त्याला कुठून माहीत असणार. तेव्हा तो एवढासा होता. डेकच्या खोक्यातलं थर्मोकोल कुरतडत टेबलाखाली बसलेला असायचा. त्याच्या लेखी तो उन्हाळा म्हणजे पांढरा भुसा आणि मार. माझ्या लेखी काय होता, ते मी आजवर नीट कुणाला सांगितलेलं नाही.

ऐंशी साल उलटून दोन-चार वर्षं झाली असतील. झाडगावातलं आमचं कौलारू घर, पुढे पडवी, मागे दोन फणस आणि एक हापूसचं कलम. प्रभाकर भावजी, म्हणजे माझे धाकटे दीर, दुबईला एका रेडिओ-टेपच्या दुकानात कामाला होते. चैत्र संपता संपता सुट्टीवर आले. एसटीच्या टपावरून सुतळीने बांधलेलं भलंमोठं खोकं उतरवलं आणि हमालाला हात न लावू देता स्वतः रिक्षात ठेवलं, मांडीवर मूल घ्यावं तसं. आत डबल कॅसेटचा डेक, दोन वेगळे स्पीकर. आणि पिशवीत, बनियनमध्ये गुंडाळून आणलेली ती वायर.

तशी वायर आम्ही कुणी पाहिली नव्हती. करंगळीएवढी जाड, वरून काचेसारखी पारदर्शक, आणि आतून तांब्याच्या बारीक तारांची वेणी दिसायची, उन्हात धरली तर काकवीच्या धारेसारखी चमकायची. शेजारीपाजारी सगळे डेक बघायला आले आणि वायर बघून गेले. भावजी प्रत्येकाला ती हातात द्यायचे आणि लगेच काढून घ्यायचे.

"वहिनी, हिला अजून कच्ची समजा," त्यांनी मला सांगितलं. "दुकानात आमचा मोठा साहेब सांगतो, नवीन वायर लगेच बोलत नाही. दिवसरात्र तिच्यातून गाणं जायला पाहिजे. हळूहळू मुरते. मग आवाज असा उघडतो, की गाणारा समोर येऊन बसला असं वाटेल."

मागच्या आळीतली हमीदाभाभी तेव्हा पडवीत बसली होती. तिचा नवरा जहाजावर, त्यांच्याकडे डेक आमच्या आधी आलेला. ती पदर तोंडाला लावून हसली. "आमचा तर लावला तसा वाजला, भावजी. तुमची वायर काय बाळंतीण आहे, सव्वा महिना निजून राहायला?"

सगळ्या बायका हसल्या. भावजी हसले नाहीत. "तुमची साधी वायर आहे, भाभी," एवढंच म्हणाले. त्यांच्या तोंडी 'साधी' हा शब्द असा यायचा, की समोरच्याला आपली साडी नीट करावीशी वाटायची.

आणि खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं आमच्या घरात लगेच पटलं. न पटायला काय झालं? आपल्याकडे नवीन वस्तू लगेच कामाला लावतो कोण? नवा बिडाचा तवा आणला की त्याला तेल पाजायचं, कांदा घासायचा, पहिली दोन घावनं टाकून द्यायची. नवं मडकं पाण्यात बुडवून ठेवायचं. नव्या जात्यावर आधी कोंडा दळायचा, म्हणजे दगडाची कच निघून जाते. लोणच्याची बरणी पंधरा दिवस उघडायची नाही. आंबा झाडावरून उतरवला की आढीत. माझं लग्न होऊन मी आले तेव्हा मलासुद्धा वर्षभर कुणी काही विचारलं नव्हतं, ना आमटीत काय घालू, ना माहेरी कधी जायचंय. सुनेला मुरू देत होते. अशा घरात कुणी येऊन म्हणालं की वायरही मुरवावी लागते, तर आम्ही माना डोलावणार नाही तर काय करणार? पुण्यातल्या किंवा घाटावरच्या माणसाने कदाचित विचारलं असतं, कशावरून? आम्ही नाही विचारलं. आम्हाला ते आमच्याच घरातलं वाटलं. सासूबाईंनी तर विचारलं, "पेंढा घालू काय रे खाली?"

मग सुरू झालं वायरीचं मुरणं. सकाळी उठल्यापासून डेक चालू. अभंग, नाट्यगीतं, अरबी भाषेतली कसलीशी कॅसेट, बातम्या, काहीही. आम्ही जेवतोय, झोपतोय, भांडतोय, तो वाजतोय. कुणी ऐकायचं नाही, नुसतं वाजू द्यायचं. वीज गेली की भावजींचा चेहरा पडायचा, जणू दुधात माशी पडली. दुपारी सगळं झाडगाव निजलेलं असायचं, उकाड्याने पानही हलत नसायचं, आणि आमच्या ओटीवर कुणी तरी बाई परक्या भाषेत एकटीच गात असायची.

आता सासूबाईंबद्दल सांगते, कारण हे सगळं त्यांच्याबद्दल आहे.

सासूबाई पाळणे म्हणायच्या. आमच्या आळीत, वरच्या आळीत, पार खाडीपलीकडे भाट्यापर्यंत कुणाकडे बारसं असलं की आदल्या दिवशी आमंत्रण यायचं आणि आमंत्रण देणारी मुद्दाम म्हणायची, "काकू, तुम्ही आलात की मगच नाव ठेवायचं हां." आवाज काही गोड नव्हता. जरा खरखरीतच होता, पण सुरात असा बसायचा, की रडणारं मूल डोळे मोठे करून त्यांच्याकडे बघत राहायचं. शिकल्या कुठे नाहीत. आईचं ऐकून आलं तेवढंच. आणि एक त्यांना कायम वाटायचं, ते त्यांनी मला तांदूळ निवडताना कितीदा तरी बोलून दाखवलं होतं: "सगळी म्हणतात बरं गाते. मला गो कसं कळणार? आपला आवाज आपल्याला आतून ऐकू येतो, बाहेरून कसा लागतो ते या जन्मी कळायचं नाही."

भावजींनी डेकमध्ये कोरी कॅसेट घातली आणि एका सकाळी आईला ओटीवर बसवून तिचे चार पाळणे भरून घेतले. म्हातारी अशी लाजली, की अंगावर शाल घेतली वैशाखात. झाल्यावर म्हणाली, "लाव बघू."

भावजींनी लावलं. आम्ही सगळे बसलो होतो. आवाज आला, खरखर, सूर, सगळं तेच. माझ्या अंगावर काटा आला. पण सासूबाई कपाळाला आठी घालून स्पीकरकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "हे कुणीतरी पाण्याखाली बसून गातंय रे."

आणि भावजी खूश झाले. ते मला अजून दिसतं, त्यांचं खूश होणं. टाळी वाजवून म्हणाले, "बघा, आईला कळलं. तुम्हाला कुणाला कळलं नाही. हिचा कान तयार आहे. अजून वायर कच्ची आहे ना, म्हणून आवाज असा बुडलेला येतो. मुरू दे, आई. मग ऐक स्वतःला."

आम्हा बाकीच्यांना तो आवाज बुडलेला वाटला नव्हता. पण दुबईच्या दुकानातला मुलगा सांगतोय आणि गाणारी बाई सांगतेय, तर आम्हीही म्हणालो, हो, आहे खरा जरा बुडलेला. माणसाचा कान असा असतो बघा. दुसऱ्याच्या तोंडाने ऐकतो.

मग दर दोन-चार दिवसांनी सासूबाई विचारायच्या, "मुरली काय रे?" आणि भावजी म्हणायचे, "जरा थांब." कधी लावून बघायचे, त्या ऐकायच्या आणि मान हलवायच्या. "पाण्याखालीच आहे." त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर काय असायचं ते मला तेव्हा कळलं नव्हतं. मला वाटायचं हिरमोड. आता माझं वय त्यांच्याएवढं, त्यांच्याहून जास्तच झालं, तर वाटतं ती सुटका होती. त्यांना हमीदाभाभीचं बोलणंही पाण्याखालून येत असणार. माझंही. देवळातली घंटाही. आणि आपल्याला काहीतरी होतंय हे कुणाला सांगावं ते कळत नसताना पोटचा पोरगा सांगतो, आई, तुझं काही नाही, वायरीचं आहे. कोण नाही धरणार ते?

त्याच दिवसांत फणसाचं झालं.

सासूबाई फणस वाजवून सांगायच्या. बोटांच्या पेरांनी टकटक करायचं, कान जवळ न्यायचा, दुसऱ्या बाजूने टकटक करायचं. कच्चा फणस ठणठणीत बोलतो, पिकत आलेला बसक्या आवाजात. तो बसका आवाज नेमका किती बसका झाला की उतरवायचा, हे त्यांच्याइतकं अख्ख्या आळीत कुणाला येत नव्हतं. लोक आपल्या परसातले फणस दाखवायला त्यांना घेऊन जायचे. त्या वर्षी त्यांनी एक भला थोरला कापा फणस वाजवला, पुन्हा वाजवला, पुन्हा वाजवला आणि म्हणाल्या, "झालाय. उतरव." भावजींनी उतरवला. पाहुणे आले होते. कोयत्याने दोन भाग केले तर आत पांढरा चीक आणि गरे अजून धरलेले, लाकडासारखे.

पाहुण्यांमध्ये हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "काकू, फणससुद्धा दुबईच्या वायरीवर लावला होता काय?" सासूबाईही हसल्या. चिकाने माखलेली बोटं खोबरेल लावून पुसत बसल्या, बराच वेळ, बोटं स्वच्छ झाली तरी.

मी हसले नाही. त्या दिवशी संध्याकाळी मी भावजींना म्हटलं, "आईंच्या कानाचं बघायला पाहिजे. कुणाकडे तरी दाखवून आणा. त्या फणस चुकल्या."

"वहिनी, फणस कुणीही चुकतं."

"त्या नाही चुकत. आणि मी मागून हाक मारली तर वळत नाहीत. माझ्या तोंडाकडे बघून बोलतात हल्ली."

भावजी डेकशी काहीतरी खुडबुड करत होते. मान वर न करता म्हणाले, "जिला या वायरीतला दोष कळला, जो तुम्हाला कुणाला कळला नाही, तिचा कान खराब? तुम्हीच सांगा."

मी सातवी पास. आमच्या ह्यांच्याकडे बघितलं. हे शाळेत कारकून, धाकट्या भावाच्या नोकरीचा आणि डेकचा त्यांना जरा दबका अभिमान. म्हणाले, "सुट्टीवर आलाय बिचारा, जाऊ दे. तो गेला की बघू."

तो गेला की बघू. आमच्या घरात जेवढी दुःखं झाली त्यातली अर्धी या वाक्यात झाली.

पुढे वैशाख सरता सरता, भावजींची परत जायची वेळ जवळ आलेली, आढीतला शेवटचा आंबा निघत होता, तेव्हा एका सकाळी ते ओटीवरून ओरडले, "आली. वायर आली." आम्ही धावत गेलो. भावजी डोळे मिटून बसले होते. "ऐका. काल रात्रीपर्यंत नव्हतं हे. आज कसा मोकळा झालाय आवाज. तबल्याची शाई ऐकू येतेय." सगळ्यांनी ऐकलं. सगळ्यांना मोकळा वाटला. मलाही वाटला, देवाशपथ. मग आईला बोलावलं, समोर बसवलं, पाळण्याची कॅसेट लावली.

सासूबाई ऐकत होत्या. त्यांच्याच आवाजात पाळणा चालला होता, इतका स्वच्छ, की कडव्यांच्या मध्ये त्यांनी घेतलेला श्वास कळत होता. आम्ही कॅसेटकडे नव्हे, त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. भावजी म्हणाले, "काय आई? आता?"

त्यांनी भावजींकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "हो रे. आता बरं आहे." आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग गेले. चुलीपाशी उभ्या होत्या. त्या मला म्हणाल्या, आणि नको इतक्या मोठ्याने म्हणाल्या, कारण आपण किती मोठ्याने बोलतोय हे त्यांना कळत नव्हतं, "माझी नाही गो मुरली वायर. अजून थोडी वाट बघू या, नाही?"

ओटीवर भावजी बसलेले होते. त्यांनी ऐकलं असणार. पण डेक चालू होता.

भावजी गेले. पाऊस लागला. एक दिवस कौलांवर अशी सर कोसळत होती, की मी मिलिंदला हाक मारली तर माझाच आवाज मला येईना. आणि सासूबाई जपमाळ हातात घेऊन, दाराकडे पाठ करून बसलेल्या, मला विचारतात, "थांबला काय गो पाऊस?"

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना डॉक्टरकडे नेलं. ह्यांना विचारलं नाही. डॉक्टरांनी दोन्ही कानांत बत्ती घालून बघितलं, कानाशी काहीतरी वाजवलं, पुन्हा वाजवलं, अगदी त्या फणस वाजवायच्या तसं. मग मला बाजूला घेऊन विचारलं, कधीपासून आहे? मी म्हटलं, चैत्रापासून असेल. ते म्हणाले, तेव्हाच लगेच आणलं असतंत तर औषधाने काही करून बघता आलं असतं. अशा कानाला सुरुवातीचेच दिवस असतात. आता सांगता येत नाही. चांगला मनुष्य होता, रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. "एवढे दिवस कशाची वाट बघत होता तुम्ही?" एवढंच त्याने विचारलं. मी काय सांगणार होते? वायर मुरायची?

औषधं दिली, थेंब दिले. डावा कान गेला तो गेलाच. उजव्याने फार मोठ्याने बोललं तर थोडंसं. श्रावणात वरच्या आळीत एक बारसं होतं, आमंत्रण आलं, नेहमीसारखं. मी म्हटलं नको जायला. त्या म्हणाल्या, "मूल माझ्यासाठी थांबून राहील काय बिननावाचं?" गेल्या. पाळण्याची दोरी हातात धरली आणि सुरुवात केली. पहिली ओळ बरोबर लागली, सवयीने. दुसऱ्या ओळीला सूर सुटला. तिसरीला कुठल्या कुठे गेला. त्यांना कळत नव्हतं. त्या आतून ऐकत होत्या आणि आत सगळं ठीक असावं. बायका खाली मान घालून ओटीतले गहू बघत बसल्या. मूल रडायला लागलं. एका पोरीला हसू फुटलं, ते तिने खोकल्यात दडपलं. सासूबाईंनी सगळ्यांच्या तोंडाकडे एकदा बघितलं, आणि तोंडावरून त्या आता सगळंच वाचायला शिकल्या होत्या. कडवं पुरं केलं, अर्धवट सोडलं नाही. त्यानंतर आमंत्रणं यायची, पण 'तुम्ही आलात की मगच' हे कुणी म्हणायचं नाही.

आणि आता उंदराचं.

गणपतीआधी साफसफाई करताना आम्ही ओटीवरचं कपाट सरकवलं. मागे वायर होती. मध्येच दोन ठिकाणी काळी पट्टी गुंडाळलेली, पट्ट्यांच्या बाहेर दोन्हीकडे दुबईची काचेसारखी वायर, पण दोन पट्ट्यांमधला हात-दीड हात तुकडा घरात दिव्याला वापरतात तसल्या पिवळट साध्या वायरीचा. मी आमच्या ह्यांना विचारलं, हे काय? हे हसायला लागले. खूप दिवस दाबून ठेवलेला विनोद सांगावा तसे सांगायला लागले. "अगं, उंदराने कुरतडली होती. प्रभ्याला कळलं असतं तर रडला असता. मी पहाटे उठून गुपचूप जोडली, पोराच्या झुल्यावरच्या दिव्याची उरलेली वायर मध्ये घालून. आणि गंमत बघ, त्याच सकाळी हा ओरडतो, आली, वायर आली."

हे हसत होते. मी कपाटाला टेकून उभी राहिले.

"त्याच सकाळी?" मी म्हटलं. "आईंना बोलावलं ती?"

हे हसायचे थांबले. त्यांच्या डोक्यात ती दोन चित्रं तोवर कधी शेजारी शेजारी आली नव्हती. पुरुषांचं तसं असतं. विनोद एका कप्प्यात, आई दुसऱ्या.

मला यातलं शास्त्र कळत नाही. पण मी खूप विचार केलाय, तांदूळ निवडताना, आढी चाळताना, इतकी वर्षं. कैरीत आंबट असतं, त्याचं गोड होतं, म्हणून ती मुरते. तवा तेल पितो. मडकं पाणी पितं. जात्याची कच झडते. प्रत्येकात काहीतरी आत जातं नाही तर बाहेर येतं. तारेतून गाणं जातं आणि निघून जातं. मागे काय ठेवून जातं? मुरतो तो माणसाचा कान. रोज रोज तेच ऐकून त्याला सवय होते, परकं ते घरचं वाटायला लागतं. आणि ज्याने वायर बनियनमध्ये गुंडाळून समुद्रापलीकडून आणली, त्याचा कान सगळ्यांत आधी मुरतो. यात वाईट काही नाही. माणूस आहे, हौस आहे. वाईट एवढंच, की वायरीसाठी सगळं घर दिवसदिवस कान लावून बसलं, आणि त्या कानांतले दोन बंद होत होते ते कुणी ऐकलं नाही.

सासूबाई गेल्या त्यानंतर वर्षश्राद्धाला भावजी आले होते. तोवर दुबई सोडून ठाण्याला स्थायिक झालेले. जेवणं झाल्यावर पडवीत सुपारी कातरताना म्हणाले, "वहिनी, आईचा तो पाळणा. त्या वायरीवर काय आवाज लागायचा, नाही? तसा पुन्हा ऐकला नाही मी." कॅसेट केव्हाच बुरशी लागून गेली होती, आमच्याकडच्या पावसात जाते तशी. मग मी सांगितलं. उंदराचं, काळ्या पट्टीचं, झुल्यावरच्या दिव्याच्या वायरीचं, सगळं. शांतपणे सांगितलं. म्हटलं आता तरी काहीतरी बोलतील. आईबद्दल बोलतील.

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "तरीच. तबल्यात जरासं काहीतरी कमी वाटलं होतं मला त्या दिवशी."

आणि सुपारी तोंडात टाकली.

त्यानंतर मी त्यांच्याशी बोलते, पान वाढते, दिवाळीला फराळ पाठवते. पण त्या दिवसापासून हा माणूस माझ्यासाठी पाण्याखाली बसून बोलतो.

तर मिलिंद ओटीवरून हाका मारत होता. मी हात धुऊन गेले. त्याने मला मधल्या खुर्चीवर बसवलं, नेमकी कुठे ते मोजून, आणि गाणं लावलं. कुणी बाई गात होती. चांगलं गात असावी. मी ऐकत राहिले. शब्दांच्या कडा लागत नव्हत्या. स आणि श कुठेतरी वाटेतच गळून पडत होते.

"दबलेला वाटतोय ना जरा?" तो म्हणाला. "म्हटलं ना मी. केबल नवीन आहे. आठ-पंधरा दिवस जाऊ देत, मग बघ."

मी उठले. मागच्या दाराने परसात गेले. आमचा एक फणस अजून आहे, खालच्या खोडालाच लागतो, वर चढायचीही गरज नाही. मी पेरांनी टकटक केलं. कान जवळ नेला. दुसऱ्या बाजूने केलं. मला त्यांच्याइतकं कधीच येत नव्हतं, पण ठणठणीत आणि बसकं यातला फरक चाळीस वर्षं मलाही कळत आलाय. पुन्हा वाजवला. मिलिंद मागे येऊन उभा राहिला होता. तो कधी आला ते मला कळलं नाही.

"कसा आहे?" त्याने विचारलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"गाडी काढ," मी म्हटलं. "मला कानाच्या डॉक्टरकडे ने."

"आत्ता? अगं, उद्या जाऊ. आज जरा गाणी..."

"आत्ता," मी म्हटलं. "तोवर तुझी केबल मुरू दे."